कोकणात इनलाइन हॉकीचे स्केट्स घेताना: बूट, फ्रेम आणि खारी हवा

शाळेच्या कोब्यावर क्वाड चालवायला शिकलेलं पोर एक दिवस हातात स्टिक घेतं आणि घरी येऊन सांगतं, मला हॉकीचे इनलाइन स्केट्स हवेत. तुम्ही रत्नागिरीत असा, चिपळुणात असा की कुडाळात, पुढची गोष्ट साधारण सारखीच घडते. खेळाच्या सामानाच्या दुकानात हा प्रकार नसतो, दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो आणि काय मागवायचं ते त्यालाही नीट ठाऊक नसतं. मोबाईलवर शोधायला बसावं तर आकड्यांचा आणि नावांचा असा काही मारा होतो, की माणूस सगळ्यात स्वस्त किंवा सगळ्यात देखणा जोड उचलून मोकळा होतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

पैशांचं आधीच सांगतो. जे काही बजेट असेल त्यातला मोठा वाटा बुटावर जाऊ द्या. चाकं झिजणार आहेत, बेअरिंग गंजणार आहेत, फ्रेम, म्हणजे बुटाखालचा चाकं धरणारा सांगाडा, तीही पुढेमागे बदलता येते. बूट पायाला बसला नाही तर बाकी सगळं भारीतलं असून उपयोग शून्य.

1. कोणती हॉकी, ते आधी विचारा

चाकांवरची हॉकी दोन प्रकारची. रोलर हॉकी क्वाडवर, म्हणजे दोन-दोन चाकांच्या जोडीवर, चेंडूने खेळतात. इनलाइन हॉकी एका रांगेतल्या चाकांवर, पकने, म्हणजे चपट्या चकतीने. भारतात दोन्हींचा कारभार रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाकडेच आहे, त्यामुळे पालकांचा गोंधळ होतो. प्रशिक्षकांना सरळ विचारा: सर, क्वाड की इनलाइन?

इनलाइन असेल तर पुढची गफलत स्पीड स्केट्सची. आपल्याकडचे बरेच वर्ग शर्यतीकडे झुकलेले असतात, त्यामुळे जुने स्केट्स हातोहात मिळतात ते स्पीडचे. त्यांचा बूट घोट्यापाशी कापलेला असतो, चाकं 100 किंवा 110 मिलिमीटरची असतात आणि फ्रेम दोन बोल्टवर बसते. त्या बोल्टांमधलं अंतर 165 किंवा 195 मिलिमीटर. हॉकीचा बूट घोट्याच्या वर येतो, कडक असतो, लेसने आवळतात आणि फ्रेम सहसा तळाला रिव्हेटने कायमची ठोकलेली असते. एकाची फ्रेम दुसऱ्याला लागत नाही. दुकानदार ‘लागेल हो’ म्हणाला तरी लागत नाही.

हॉकीच्या स्केटला टाचेचा ब्रेकही नसतो. त्याचं मूळ बर्फात आहे. 1980 च्या सुमाराला अमेरिकेत मिनेसोटातल्या स्कॉट ओल्सन या आइस हॉकी खेळाडूला बर्फ नसतानाही सराव करता यावा असे स्केट्स हवे होते; त्याच खटपटीतून पुढे रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. बर्फावरच्या स्केटला ब्रेक नसतो, म्हणून यालाही नाही. थांबायचं ते पाय आडवा टाकून. ब्रेक नाही म्हणून जोड परत पाठवणारे पालक मी पाहिले आहेत.

2. पाय मोजा, बुटाचा नंबर विसरा

हे काम संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागद जमिनीवर, भिंतीला टेकवून. टाच भिंतीला लावून उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार. पेन्सिल सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. ते अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. मग पंजाचा सगळ्यात रुंद भाग. दोन्ही पाय मोजा, मिलिमीटरमध्ये लिहा आणि मोठ्या पायाचं माप धरा. लहान मुलाला बसवून मोजू नका, उभं केल्यावर तळवा पसरतो तेच खरं माप.

आता नंबर. बऱ्याच हॉकी कंपन्यांचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीडने लहान असतो, हे तुम्ही कुठेतरी ऐकाल. पण तो हिशेब अमेरिकन नंबरावरचा आहे. आपल्या बुटांवर बहुधा यूके नंबर छापलेला असतो, आणि तो अमेरिकनपेक्षा साधारण एकने कमी असतो. म्हणजे तुमचा बाटाचा 7 नंबर हा अमेरिकेतला 8, आणि हॉकी स्केटमध्ये तो 6.5 च्या आसपास येतो. यूकेच्या 7 मधूनच दीड वजा केलात तर 5.5 मागवून बसाल आणि पाय आतच जाणार नाही. मुलींसाठीही पुरुषांच्याच तक्त्यावरून जा, कारण महिलांचा अमेरिकन नंबर वेगळा चालतो. शेवटचा शब्द मात्र कंपनीच्या सेंटिमीटरच्या तक्त्याचा.

रुंदीलाही अक्षर असतं: डी म्हणजे मध्यम, डबल-ई म्हणजे रुंद. बाउअर या हॉकी कंपनीने अलीकडे फिट 1, 2, 3 अशी पद्धत आणली आहे. 1 निमुळत्या पायाला, 3 भरलेल्या, रुंद पायाला. आयुष्यभर चपला घालून किंवा अनवाणी वावरलेल्या आपल्या पोरांचे पंजे रुंद असतात, तेव्हा रुंदी न बघता बूट मागवू नका. पंजा आवळतोय म्हणून एक नंबर मोठा घेणं हा त्यावरचा उपाय नाही. पंजा सुटतो, पण टाच आत नाचायला लागते.

‘वाढतं वय आहे, दोन नंबर मोठा घेऊ’ हे गणवेशाला ठीक आहे. स्केटला फार तर अर्धा नंबर. मोठ्या बुटात घोटा आत कलतो, पोरगं तसंच शिकतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

3. बूट पायात घालून बघा

एकच पातळ मोजा घाला. लेस सैल सोडून पाय घाला, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा, मग लेस आवळा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोपीला हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती थोडी मागे सरकली पाहिजेत. वाकल्यावरही बोटं दुमडलेलीच राहिली तर बूट लहान. टाचेच्या मागे करंगळी सहज शिरत असेल तर मोठा.

आणखी एक चाचणी आहे, ती फारसं कोणी करत नाही. लेस सैल सोडा, जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या छिद्राच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही काठांवर टेकली, पायाला लागली नाही, तर खोली बरोबर. पायावरच डुगडुगायला लागली, तर बूट उथळ आहे. लेस आवळल्यावर पायाच्या वरच्या बाजूला कळ येणार.

कोकणात बसून हे सगळं करायचं म्हणजे बूट आधी घरी यायला हवा. म्हणून परत करण्याची सोय असेल तिथूनच मागवा, आणि फरशीवर, चाकं जमिनीला न घासता, अर्धा तास घालून बसा. मुंबईहून गणपतीला येणारा चाकरमानी किंवा आखातातला भाऊ आणणार असेल तर त्याला नंबर कळवू नका. पायाची सेंटिमीटरमधली लांबी-रुंदी आणि कागदावरच्या रेषेचा फोटो पाठवा. परदेशातून पार्सल मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरूनच किंमत मोजा. निम्म्या किमतीत मिळालेला जोड दारात येईपर्यंत निम्म्यात राहत नाही.

4. गरम करून बूट बसवणं

मधल्या आणि वरच्या किमतीचे बरेच बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असेल तरच करा. दुकानांत यासाठी खास ओव्हन असतो, साधारण 80 अंश सेल्सियसवर काही मिनिटं. घरच्या ओटीजीवर माझा भरवसा नाही: कॉइलजवळची बाजू करपते, दुसरी कोमट राहते. घरी करायचंच तर जिथे टोचतं तेवढ्याच जागेवर हेअर ड्रायर फिरवा, लगेच पाय घाला, बेताने लेस बांधा आणि पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसून राहा. चालायचं नाही. लेस ओढताना पुढच्या दिशेने ओढा, बाहेरच्या बाजूला नको. गरम बुटाची छिद्रं फाकतात. दुसऱ्या दिवसापर्यंत स्केट वापरू नका.

5. फ्रेम

फ्रेममध्ये तीन गोष्टी बघायच्या: चाकांची मांडणी, लांबी आणि धातू. पहिल्या दोन्हींवर सगळे बोलतात. आपल्याकडे तिसरी जास्त महत्त्वाची आहे.

मांडणी दोन प्रकारची. चारही चाकं सारखी, बहुधा 76 किंवा 80 मिलिमीटर; किंवा हाय-लो, म्हणजे पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. मोठ्यांच्या बुटात 76-76-80-80 किंवा 72-72-80-80 अशी जोडी दिसते, लहान नंबरात सगळीच चाकं बेताची. हाय-लोत अंग आपोआप पुढे झुकतं, पुढची चाकं लहान असल्याने वळण पटकन मिळतं. सारख्या 80 च्या चाकांवर वेग टिकतो आणि अदलाबदल सोपी जाते, कारण आठही चाकं कुठेही बसतात. नवख्याला दोन्ही चालतात. पण सुटं चाक मिळायला आठवडा लागतो तिथे आठही एका मापाची असण्याचा फायदा तुम्हाला लवकरच कळेल. स्वीडनच्या मार्सब्लेडसारख्या डोलणाऱ्या फ्रेम्सही आहेत, बर्फाच्या पात्याचा अनुभव देणाऱ्या. बर्फावर जायचंच नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

लांबीचा हिशेब साधा. 80 ची चार चाकं, दोन चाकांत मिलिमीटरभर फट, म्हणजे पहिल्या ॲक्सलपासून (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) चौथ्यापर्यंत 81 गुणिले 3, 243 मिलिमीटर. लांब फ्रेम सरळ धावते, आखूड फ्रेम चटकन फिरते. लहान पायाच्या मुलाला 243 ची फ्रेम लावली की चाकं बुटाच्या पुढेमागे जास्तच बाहेर येतात आणि वळताना पोरगं झगडत राहतं.

आता धातू. फ्रेम तीन प्रकारात येतात: प्लास्टिक किंवा कंपोझिट, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. मॅग्नेशियम सगळ्यात हलकं, किंमतही तशीच. समुद्रापासून जवळ राहत असाल तर ते घेऊ नका. मिठाच्या हवेत मॅग्नेशियमइतक्या लवकर खाल्ला जाणारा धातू स्केट्समध्ये दुसरा नाही. प्लास्टिकला गंज नाही, पण जोर लावला की ती लवते. बारीक अंगाच्या मुलाला पहिलं वर्षभर पुरते. बाकी सगळ्यांनी ॲल्युमिनियम घ्यावं, वरचा ॲनोडाइज्ड थर चांगला असलेलं.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि ॲक्सल पोलादाचा. दोन वेगळे धातू टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली की. झीज होते ती ॲल्युमिनियमची. मांडवीजवळ राहणाऱ्या एका मुलीचा स्केट मध्यंतरी उघडायला घेतला. वरून स्वच्छ, फ्रेमचा निळा रंग चकचकीत. ॲक्सलच्या डोक्याभोवती मात्र मिठासारखी पांढरी भुकटी. एलन की घातली, फिरवली, डोकं गोल झालं आणि ॲक्सल तिथल्या तिथे. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, तरी आठातले दोन ॲक्सल ड्रिल करूनच काढावे लागले, आणि एका भोकाचे आटे गेले ते गेलेच. त्या स्केट्सचे ॲक्सल विकत घेतल्यापासून कोणी एकदाही सोडवले नव्हते.

म्हणून नवा जोड आला की खेळण्याआधी आठही ॲक्सल काढा, आट्यांना बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा आणि परत बसवा. पुढे महिन्यातून एकदा हेच. किनाऱ्याच्या रस्त्यावर फिरून आलात तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने फ्रेम पुसा. पुळणीवर किंवा वाळू उडून आलेल्या डांबरावर स्केट नेऊच नका. मीठ पुसता येतं, बेअरिंगमध्ये शिरलेली वाळू पुसता येत नाही.

जुनी फ्रेम घेत असाल तर चाकं काढून बघा. ॲक्सलच्या भोकांभोवती आणि रिव्हेटच्या पायाशी केसासारखी चीर आहे का ते नखाने तपासा. मग फ्रेम काचेवर ठेवा. डुगडुगली तर वाकलेली आहे, सोडून द्या.

6. फ्रेम बदलणं आणि सरळ बसवणं

ही पायरी प्रत्येकाला लागणार नाही. पण परदेशातून कोणी वापरलेले आइस हॉकीचे चांगले बूट स्वस्तात दिले, तर खालचं पातं काढून त्याजागी इनलाइन फ्रेम बसवता येते, आणि कमी पैशांत उत्तम बूट मिळवायचा तो एक मार्ग आहे. चप्पल-बूट शिवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत किंवा कुडाळ एमआयडीसीत ड्रिल प्रेस असलेला कारागीर गाठा आणि स्वतः समोर उभे राहा.

आधी आतला इनसोल काढायचा, मग रिव्हेटचं ठोकून पसरवलेलं टोक ड्रिलने हळूहळू उडवायचं. पातं पेचकसाने उचकटायला गेलात तर तळव्याचा थर सोलून निघतो. रिकामी भोकं नव्या फ्रेमला जुळली नाहीत तर एपॉक्सीने भरून नवी पाडायची. पुन्हा रिव्हेट ठोकण्याऐवजी आतून टी-नट (तळव्यात रुतून बसणारा चपट्या डोक्याचा नट) आणि खालून स्क्रू लावा, म्हणजे पुढे फ्रेम सरकवता येते. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावा, पण ते सगळ्यात शेवटी.

टाचेच्या मध्यावर आणि पुढे दुसऱ्या बोटाच्या रेषेत पेन्सिलीने खूण करा, फ्रेम त्या दोन खुणांवर ठेवा. सुरुवातीला पुढे दोन आणि मागे दोन एवढेच स्क्रू आवळा. खेळाडूला कोब्यावर उभं करा आणि मागून गुडघ्यावर बसून बघा: चाकं उभी आहेत की आत-बाहेर कललेली? घोटा आत पडत असेल तर फ्रेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर आतल्या बाजूला, बाहेर पडत असेल तर बाहेरच्या बाजूला सरकवा. त्याआधी लेस आणि बुटाचा नंबर तपासा. सैल बुटाचा दोष फ्रेमच्या माथी मारला जातो, असं फार वेळा होतं. दोन-चार दिवस खेळून बरं वाटलं की उरलेले स्क्रू मारा.

7. चाकं

चाकावर दोन आकडे असतात, व्यास आणि कडकपणा. कडकपणा 76ए, 84ए असा लिहितात. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. गुळगुळीत बंदिस्त मैदानासाठी साधारण 72 ते 78, बाहेरच्या खरबरीत सिमेंट-डांबरासाठी 82 ते 85. आपल्याकडे बंदिस्त रिंक हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, तेव्हा पहिला जोड 82 ते 84 चाच घ्या. मऊ चाकं डांबरावर खोडरबरासारखी उडतात. शाळेच्या सभागृहात घोटलेल्या कोब्यावर खेळत असाल तर मात्र कडक चाक घसरतं. तिथे 78 बरं. वजनाने हलक्या मुलाला एक पायरी मऊ घेतलं तरी चालतं.

चिऱ्याच्या खळ्यात किंवा जांभ्याच्या लाल धुळीत सराव करू नका. त्या धुळीचे कण टोकदार असतात, चाकाची कड आणि बेअरिंगचं सील दोन्ही खातात.

चाकाची आतली कड आधी झिजते. ती बोटाला तिरपी लागायला लागली की अदलाबदल करा: पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी, आणि डाव्या पायातलं उजव्या पायात, आतली कड बाहेर येईल अशा बेताने. हाय-लो असेल तर लहानाची लहानाशी आणि मोठ्याची मोठ्याशीच अदलाबदल होणार.

8. बेअरिंग

आठ चाकांना सोळा. बहुतेकांचा क्रमांक 608, म्हणजे आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22 आणि रुंदी 7 मिलिमीटर. हा क्रमांक मोटर रिवाइंडिंगवाल्यांना आणि बेअरिंगच्या दुकानांना पाठ असतो, त्यामुळे स्केट्समधली हीच एक वस्तू आपल्या गावात तासाभरात मिळते. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली मागा, पत्र्याचं झाकण नको. एबेक 7, एबेक 9 या आकड्यांना भुलू नका. तो मापाच्या अचूकतेचा दर्जा आहे, वेगाचा नाही. सिरॅमिक म्हणून विकतात त्यात बहुधा गोळ्या तेवढ्या सिरॅमिकच्या असतात, कडी पोलादाची, आणि ती गंजतेच. जास्तीचे पैसे घालायचेच तर स्टेनलेसवर घाला. दोन बेअरिंगांमधली नळी, स्पेसर, साफ करताना हरवू देऊ नका. ती नसली की ॲक्सल आवळल्यावर चाक जाम होतं.

साफ करायची तर सुईने सील उचला, रॉकेलमध्ये फिरवा, पूर्ण वाळवा, थोडं लिथियम ग्रीस भरा. पातळ तेलावर चाक जास्त वेळ फिरतं, पण आपल्या दमट हवेत ग्रीसच टिकतं. आणि खोबरेल तेल नको! घरात पिंपभर असलं तरी नको. थंडीच्या पहाटे ते बेअरिंगमध्येच थिजतं, आणि एरवी त्यावर धूळ बसून चिकट राप तयार होतो.

9. पावसाळ्यात

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे जूनपासून गणपती होईपर्यंत उघड्यावर स्केटिंग नाही. पहिल्या सरीआधी चाकं आणि ॲक्सल काढून पुसा, ग्रीस लावा आणि डब्यात ठेवा. बुटातून इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते दर आठवड्याला बदला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेला बूट ऑगस्टपर्यंत हिरवा होतो. पंख्याचा वारा लागेल अशा उघड्या फळीवर ठेवा. बुरशी आलीच तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसून सावलीत वाळवा. कडक उन्हात टाकलात तर तळव्याचा डिंक सुटतो.

पॉलियुरेथेनची चाकं वर्षानुवर्षं दमट हवेत नुसती पडून राहिली तरी खराब होतात, मग ती दुकानातली ‘नवी’ का असेनात. जुन्या साठ्यातली चाकं स्वस्तात मिळत असतील तर एक हातात घ्या, नख रोवा आणि बाहेरची कड मधल्या हबपासून ओढून बघा. नखाखाली भुगा निघाला किंवा कड हबपासून सुटायला लागली तर घेऊ नका.